प्लेफेअर डिस्प्ले बोल्ड इटालिक : पत्रिकेवर देखणा, पाटीवर अडचणीचा

ठाण्यात राम मारुती रोडपासून घोडबंदर रोडपर्यंत अलीकडे उघडलेल्या कॅफे, बुटीक आणि केकच्या दुकानांच्या पाट्या पाहत गेले, तर जाड, तिरप्या आणि टोकांना टपोरे गोळे असलेल्या इंग्रजी अक्षरांचे एक ठरावीक वळण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येते. पुष्कळदा तो प्लेफेअर डिस्प्ले या टाइपचा बोल्ड इटालिक असतो, नाहीतर त्याच्याच जातकुळीतला एखादा. हा टाइप फुकट मिळतो आणि कोणताही शब्द त्यात टाकला की तो चटकन श्रीमंत दिसू लागतो, त्यामुळे त्याचा वापर सर्रास होतो. मात्र तो कोणत्या कामासाठी घडवला आहे, याची चौकशी फारशी कोणी करत नाही. नौपाड्यात लग्नपत्रिका, मेन्यूकार्ड आणि दुकानांच्या पाट्या यांचे डिझाइन करताना हा टाइप रोज हाताखालून जातो, आणि हे परीक्षण त्याच वापरावर आधारलेले आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. चांगल्या कागदावर, मोठ्या आकारात आणि मोजक्या शब्दांसाठी याच्या तोडीचा फुकट टाइप मला आढळलेला नाही. पाटी, फ्लेक्स आणि बारीक मजकूर या तीन ठिकाणी मात्र तो वापरणाऱ्याची फजिती करतो.

प्लेफेअर डिस्प्ले हा क्लाउस एगर्स सॉरेन्सन या डॅनिश डिझायनरने घडवला आणि २०११ मध्ये तो गूगल फॉण्ट्सवर आला. त्याची मुळे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आहेत. त्या काळात युरोपात पिसाच्या बोथट टाकाची जागा टोकदार पोलादी टाक घेऊ लागला होता, आणि टोकदार टाकावर दाब दिला की रेषा जाड व दाब काढला की केसाएवढी बारीक होत असल्यामुळे हस्ताक्षरातला जाड-बारीकपणा वाढत चालला होता. बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल हा मुळात अक्षरलेखन शिकवणारा. १७५७ मध्ये त्याने आपले पहिले पुस्तक छापले, तेव्हा असा जाड-बारीकपणा कागदावर टिकावा म्हणून नुसती अक्षरे कोरून तो थांबला नाही. त्याने शाई अधिक काळी केली, गुळगुळीत कागद वापरला आणि छापलेली पाने तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून घेतली. प्लेफेअरवर बास्करव्हिलचा आणि त्यानंतरच्या स्कॉच रोमन टाइपांचा प्रभाव असल्याचे सॉरेन्सनने स्वतःच सांगितले आहे. पुढे छपाईच्या ज्या अडचणी येणार आहेत, त्यांचे मूळ याच वंशावळीत आहे, कारण या घराण्यातल्या अक्षरांना पहिल्यापासूनच चांगला कागद लागत आलेला आहे.

इटालिक आणि बोल्ड यांचा संसारही फार जुना नाही. तिरप्या अक्षरांचा पहिला टाइप फ्रान्चेस्को ग्रिफो याने व्हेनिसमध्ये आल्डस मानुटियसच्या छापखान्यासाठी कोरला आणि १५०१ पासून लहान आकाराची पुस्तके सबंध त्याच टाइपात छापली जाऊ लागली. तेव्हा इटालिक ही स्वतंत्र अक्षरशैली होती, सरळ टाइपाची जोडीदार नव्हती. जाड टाइप आला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये, जाहिराती आणि लॉटरीच्या पत्रकांसाठी. आणि मजकुरातला एखादा शब्द उठून दिसावा म्हणून मुद्दाम जाड जोडीदार घडवण्याची रीत १८४५ च्या क्लॅरेंडन या टाइपापासून रुळली. त्यामुळे बोल्ड इटालिकमध्ये दोन वेगळ्या स्वभावांची अक्षरे एकत्र नांदतात. इटालिकला हाताच्या लिखाणासारखी लगबग हवी असते, तर बोल्डला जागेवर ठाम उभे राहायचे असते. बहुतेक टाइपांत या ओढाताणीत कोणीतरी एक हरतो. टाइम्सच्या बोल्ड इटालिकमध्ये अक्षरे जाड होतात, पण चाल सरकारी कागदासारखी राहते. प्लेफेअरमध्ये हे भांडण चांगले मिटले आहे, आणि ते कसे मिटले आहे हे पाहायला अक्षरे जवळून न्याहाळावी लागतात.

लहान ए घ्या. सरळ टाइपात त्याच्या डोक्यावर एक छत असते. इटालिकमध्ये ते छत जाते आणि आपण शाळेत चार रेघी वहीत गिरवत होतो तसा एकाच पोटाचा ए उरतो. प्लेफेअरच्या बोल्ड इटालिकमध्ये या पोटाची डावी बाजू भरदार आहे, वर ती उभ्या रेषेला मिळते तिथे झपकन बारीक होते, आणि उभी रेषा खाली उतरून उजवीकडे एक छोटा फटकारा देऊन पुढच्या अक्षराकडे जाते. जाडी सगळी उभ्या अंगाला आहे आणि गती सगळी बारीक जोडांत आहे. म्हणजे बोल्ड आणि इटालिक यांनी एकाच अक्षरात आपापली कामे वाटून घेतली आहेत. सी आणि आर यांच्या टोकांना असलेले गोळे जाडीच्या प्रमाणात वाढवलेले असल्यामुळे शब्दाच्या वरच्या अंगाला काळ्या ठिपक्यांची एक लय तयार होते, आणि दुरून पाहिले तरी हा टाइप ओळखू येतो तो त्या ठिपक्यांमुळेच.

दुसरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे लहान अक्षरांची उंची. मोठ्या अक्षरांच्या मानाने लहान अक्षरे बरीच उंच ठेवली आहेत आणि पी, जी, वाय यांच्या खाली उतरणाऱ्या शेपट्या आखूड आहेत. याचा फायदा दोन ओळींच्या मथळ्यात कळतो, कारण ओळींतले अंतर बरेच कमी केले तरी वरच्या ओळीतली शेपटी खालच्या ओळीच्या डोक्यात घुसत नाही. देशपांडे हे आडनाव रोमन अक्षरांत लिहिले की त्यात वर जाणारे दोन डी आणि एक एच येतात आणि खाली उतरणारा एकटा पी. अशा आडनावांना पुष्कळ टाइपांत वरचा भाग जड होऊन शब्द डुगडुगल्यासारखा दिसतो, पण इथे वर जाणाऱ्या काठ्याही लहान अक्षरांच्या तुलनेत फार लांब नसल्यामुळे शब्द एका पट्ट्यात बसतो. मराठी नावे रोमन लिपीत लिहिताना व्ही आणि वाय ही मोठी अक्षरे वरचेवर येतात. वैष्णवी, यश, वेदांत अशा नावांत तिरप्या व्हीच्या पोटाखाली रिकामी जागा पडते. टाइपात या जोड्यांचे अंतर नीट लावलेले आहे. तरी पत्रिकेवर नाव मोठ्या आकारात घ्यायचे असेल तर पहिल्या दोन अक्षरांमधली जागा हाताने किंचित आवळावी, असे मी सुचवेन. संपूर्ण नाव मोठ्या अक्षरांत, म्हणजे सगळे कॅपिटलमध्ये, बोल्ड इटालिकात लावण्याचा मोह कोणाला झाला तर त्याला तिथल्या तिथे थांबवावे. या टाइपाची सगळी मौज लहान अक्षरांच्या वळणांत आहे, आणि कॅपिटलमध्ये नुसत्या झुकलेल्या भिंती उरतात.

वधू आणि वर यांच्या नावांमध्ये येणारे अँड (&) हे चिन्ह इटालिकमध्ये सुरेख वळलेले आहे. कित्येक पत्रिकांत मी दोन्ही नावे रेग्युलरमध्ये ठेवून ते एकच चिन्ह बोल्ड इटालिकात मोठे घेतले आहे, आणि पत्रिकेला निराळ्या नक्षीची गरज पडलेली नाही.

आता आकड्यांविषयी, कारण सर्वांत जास्त तक्रारी तिथूनच येतात. प्लेफेअर डिस्प्लेमध्ये आपोआप येणारे आकडे जुन्या पद्धतीचे, म्हणजे खालीवर होणारे आहेत. तीन, चार, पाच, सात आणि नऊ हे ओळीच्या खाली उतरतात, सहा आणि आठ वर जातात, तर शून्य, एक आणि दोन लहान अक्षरांच्या उंचीचे राहतात. वाक्याच्या ओघात आलेल्या सालासाठी ही पद्धत उत्तम आहे. मेन्यूकार्डावर भावाचा रकाना लावला की मात्र तोच रकाना ओबडधोबड दिसतो, फोन नंबर वाचताना डोळा अडखळतो, आणि गिऱ्हाईक हमखास विचारते की आकडे वाकडे का छापले. टाइपात एका उंचीचे आकडेही दिलेले आहेत, फक्त ते ओपनटाइपच्या, म्हणजे फॉण्टच्या फाईलमध्येच दिलेल्या पर्यायी अक्षरांच्या सोयीमागे दडलेले आहेत. वर्डमध्ये फॉण्टच्या खिडकीतल्या प्रगत टॅबवर आकड्यांचा प्रकार बदलता येतो, कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये एक्स ६ या आवृत्तीपासून ही सोय आहे, इनडिझाइन या पानांची मांडणी करणाऱ्या प्रोग्राममध्ये तर ती कधीपासूनचीच आहे, आणि वेबसाइटवर स्टाइलच्या एका ओळीत काम होते. जिथे ही सोय नसेल तिथे भाव आणि फोन नंबर सरळ दुसऱ्या टाइपात लावावेत. मुळात भावाला बोल्ड इटालिक हवाच कशाला, हा प्रश्न गिऱ्हाइकाला विचारायचा धीर मात्र दर वेळी होत नाही.

यापेक्षा गंभीर गडबड खोट्या बोल्ड इटालिकची आहे. संगणकावर किंवा वेबसाइटवर केवळ रेग्युलर फाईल असेल आणि कोणी बी (बोल्ड) व आय (इटालिक) ही बटणे दाबली, तर पुष्कळ प्रोग्राम तक्रार न करता रेग्युलर अक्षरांनाच कडेने फुगवतात आणि उजवीकडे ढकलतात. अक्षर जाड होते, तिरपे होते, आणि त्याचा सगळा जीव जातो; बारीक रेषा फुगून थुलथुलीत होतात आणि गोळे आपल्या देठांना चिकटतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. लहान ए पाहावा. त्याच्या डोक्यावर छत दिसले, तर ते इटालिक नसून ढकललेले सरळ अक्षर आहे. ठाण्यातल्या पाट्यांवरून नजर फिरवली तरी असे छतवाले तिरपे ए बरेच सापडतील. छापखान्यात फाईल उघडताना फॉण्ट मिसिंगचा निरोप येतो आणि ऑपरेटर घाईत जवळचे काहीतरी लावून मोकळा होतो, तेव्हाही हेच घडते. म्हणून फाईल पाठवण्यापूर्वी अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे फॉण्ट न लागणाऱ्या आकृत्यांत बदलून पाठवण्याची जुनी शिस्त इथे सोडू नये.

छपाईकडे वळू. बोल्डमध्ये उभ्या रेषा जाड होतात, पण बारीक रेषा त्या मानाने फारशा जाड होत नाहीत, आणि या टाइपाची चमक नेमकी या फरकातून येते. मॅट आर्ट पेपरवर काळ्या शाईत ऑफसेटने छापले, तर २४ पॉइंटच्या वर तो अप्रतिम दिसतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवली की चित्र पालटते. गडद मरून रंग चार रंगांच्या ठिपक्यांतून बनतो. रजिस्ट्रेशन, म्हणजे हे रंग एकमेकांवर नेमके बसणे, केसभर हलले तरी पांढऱ्या बारीक रेषेत शेजारचा रंग शिरतो आणि ई व ए यांचे जोड तुटलेले दिसतात. पाव पॉइंटपेक्षा बारीक रेषा साध्या छपाईतही भरवशाची नसते, गडदावर पांढऱ्या अशा उलट्या छपाईत तर तिच्या दुप्पट जाडी धरावी. पत्रिकांवर सोनेरी फॉइलिंगची हौस आपल्याकडे मोठी आहे. त्यातही हाच नियम लागतो, फक्त उलट्या बाजूने, कारण तिथे रेषा तुटण्यापेक्षा ए आणि ई यांची लहान पोटे फॉइलने भरून जाण्याची भीती अधिक असते. नाव ३६ पॉइंटच्या आसपास ठेवले, ब्लॉक नीट बनला आणि कागद फार खरबरीत नसला, तर फॉइलिंग छान उठते. हॅण्डमेड कागदावर स्क्रीन प्रिंटिंग करायचे असेल तर मी हा टाइप नाकारते. एका छापखान्यातून आलेल्या अशा पत्रिकेत वधूच्या नावातला एन दोन सुट्या काठ्यांसारखा उमटला होता, आणि प्रूफ साध्या कागदावर दाखवले गेले असल्यामुळे छपाई पूर्ण होईपर्यंत ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

पाट्यांच्या बाबतीत माझे मत याहून कडक आहे. एलईडीच्या उठावदार अक्षरांत दिवे बसायला रेषेला रुंदी लागते, आणि प्लेफेअरच्या बारीक जोडांत ते बसत नाहीत. मग पाटीवाला काय करतो, तर अक्षराला चारही बाजूंनी आउटलाइन देऊन बारीक रेषा जाड करतो. त्याबरोबर जाड रेषाही फुगतात, पोटे बुजतात आणि रात्री दिवे लागले की अक्षरांऐवजी उजेडाचे गोळे दिसतात. एसीपीवर, म्हणजे पाटीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर, विनाइल कापून लावले तर पहिल्याच पावसाळ्यात सगळ्यात बारीक टोके उचलली जातात. घोडबंदर रोडवर गाडीतून जाणाऱ्या माणसाला पाटी वाचायला किती कमी वेळ मिळतो, हे ध्यानात घेतले तर जाड रेषा दिसणे आणि बारीक जोड नाहीसे होणे म्हणजे अर्धे अक्षर गायब होणे. दुकानाच्या आत, काउंटरमागच्या भिंतीवर किंवा काचेच्या दारावर, जिथे माणूस थांबून पाहतो, तिथे हा टाइप बिनधास्त वापरावा.

पाटीचा आणखी एक पेच आहे, आणि तो आपल्या लिपीशी निगडित आहे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर प्रत्येक दुकानाच्या पाटीवर देवनागरीत मराठी नाव असणे आणि ते इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसणे सक्तीचे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांच्या याचिकेवर दोन महिन्यांची मुदत दिल्यापासून पाट्या झपाट्याने बदलल्या. म्हणजे इंग्रजी नाव प्लेफेअरमध्ये ठेवायचे, तर त्याच्या शेजारी तेवढ्याच आकाराचे मराठी नाव आले. प्लेफेअरमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. तेव्हा मराठी मजकूर निवडून इटालिकचे बटण दाबले जाते, आणि मंगल किंवा असाच एखादा हाताशी असलेला फॉण्ट उजवीकडे ढकलला जातो. शिरोरेषा आडवीच राहते, तिच्याखालचे सगळे दंड कलतात, अनुस्वार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर सरकल्यासारखा दिसतो आणि शब्द पडत्या कुंपणासारखा भासतो. त्यात रोमन आणि देवनागरी यांचा जाड-बारीकपणाही परस्परविरोधी आहे. देवनागरीचा बोरू उलट्या बाजूने कापलेला असल्यामुळे रोमन लिपीत जी तिरकी रेषा जाड होते, तीच देवनागरीत बारीक होते. म्हणून एकाच कोनात दोन्ही लिप्या ढकलल्याने त्या जुळत नाहीत, उलट त्यांचे न जुळणे अधिक उघडे पडते. देवनागरीला तिरपेपणा मुळीच चालत नाही, असे मात्र नाही. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी काढलेली शीर्षके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हाताने घडवलेल्या अक्षरात किती चाली खेळवता येतात हे सांगायला नको. पण तिथे प्रत्येक अक्षर नव्याने रेखाटलेले असते; बटण दाबून ते होत नाही.

अशा पाटीवर माझा उपाय असा की इंग्रजी बोल्ड इटालिकात ठेवावे आणि मराठी सरळ उभे ठेवावे, फक्त दोघांचा काळेपणा जुळवावा. इंडियन टाइप फाउंड्रीच्या रोझा वन या टाइपात उभे दंड भरपूर जाड आणि बाकीच्या रेषा बारीक आहेत, त्यामुळे तो प्लेफेअरच्या जाड-बारीकपणाला बरोबरीने उत्तर देतो. मात्र त्याची जाडी एकच आहे आणि ती बोल्डपेक्षा भारी पडते, म्हणून त्याच्या शेजारी प्लेफेअरचा ब्लॅक इटालिक अधिक शोभतो. वैभव सिंह यांचा एक्झार हा थोडा संयमी आहे, त्यात पाच जाड्या मिळतात आणि पाटीवर त्याच्या रेषा तुटत नाहीत. पत्रिकेतल्या बारीक मराठी मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी घ्यावा. मराठी वळणाचे ल आणि श त्यात मुळातच आहेत, त्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. श्रीलिपीचे जुने फॉण्ट अजूनही बहुतेक डीटीपी दुकानांत आहेत आणि त्यांतले काही देखणेही आहेत, पण युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतांच्या कामात ते सरळ चालत नाहीत.

मजकुरासाठी प्लेफेअर डिस्प्ले वापरू नये, हे त्याच्या नावातच आहे; डिस्प्ले म्हणजे मथळ्यांसारख्या मोठ्या आकारासाठी घडवलेला टाइप. बोल्ड इटालिकात सबंध परिच्छेद लावला तर तिसऱ्या ओळीपासून डोळ्यांपुढे काळ्या पट्ट्या नाचू लागतात. मथळा प्लेफेअरमध्ये आणि मजकूर जॉर्जियामध्ये, ही जोडी सॉरेन्सननेच सुचवलेली आहे आणि ती जमतेही, कारण मॅथ्यू कार्टरच्या या १९९६ च्या टाइपातही लहान अक्षरे उंच आणि आकडे खालीवर आहेत. ज्यांना इटालिकची ऊब हवी आहे पण बारीक रेषांची काळजी नको आहे, त्यांनी लोरा या टाइपाचा बोल्ड इटालिक पाहावा. तो कमी दिमाखदार असला तरी बराच कणखर आहे, आणि लहान मेन्यूकार्डावर पदार्थांच्या नावांसाठी मी तोच निवडते. सॉरेन्सनने पुढे प्लेफेअर या नुसत्या नावाने नवी आवृत्ती काढली आहे, आणि तिच्यात आकारानुसार अक्षराचे रूप बदलणारी एक सोय, म्हणजे अक्ष, आहे. ५ पॉइंटपासून १२०० पॉइंटपर्यंत जसा आकार निवडाल तसा जाड-बारीकपणा कमीजास्त होतो, म्हणजे लहान अक्षरांत बारीक रेषा आपोआप पुरेशा जाड होतात. वर सांगितलेल्या छपाईच्या पुष्कळशा अडचणी ही आवृत्ती सोडवते. कोरलड्रॉला असे बदलते फॉण्ट २०२० च्या आवृत्तीपासून कळू लागले; आपल्याकडची कित्येक दुकाने त्याआधीच्या आवृत्त्यांवर चालतात, ही मात्र खरी अडचण आहे.

किमतीविषयी लिहायचे तर ती शून्य आहे. परवाना एसआयएल ओपन फॉण्ट लायसन्स आहे, त्यामुळे पत्रिका, पाटी, वेबसाइट, पुस्तक, कुठल्याही धंद्याच्या कामासाठी तो कोणाला न विचारता वापरता येतो. फॉण्टची फाईल तेवढी एकटी विकता येत नाही. हजार फॉण्टच्या चोरट्या सीडीवर ज्यांचे दुकान उभे राहिले, त्यांनाही आता इतका चांगला टाइप राजरोस मिळतो आहे. गूगल फॉण्ट्सवरून उतरवलेल्या झिपमध्ये बदलत्या फॉण्टच्या दोन फाईली आणि स्टॅटिक नावाचा एक फोल्डर असतो. जुन्या कोरलड्रॉसाठी त्या फोल्डरमधल्या रेग्युलर, इटालिक, बोल्ड आणि बोल्ड इटालिक या चारही फाईली एकदमच बसवाव्यात, मग बी आणि आय दाबल्यावर खरा बोल्ड इटालिकच येतो.